आधी सीटची उंची बघा
कोणी कोणी म्हणतं की बायकांना सायकलची आवडच नसते, हे काही पटलं नाही बुवा. माझ्या मोठ्या बहिणीनं 45व्या वर्षी सुरू केली, चार दिवसांत गुडघे धरले अन् सायकल गॅलरीत, तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. बघितलं तर पाय टेकावेत म्हणून सीट पार खाली! टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला पाहिजे, तेवढी वर केली, ओढणी अडकू नये म्हणून चेनकव्हर बसवलं. आता सकाळी साडेपाचलाच फुटाळा तलावावर जाऊन येते, मे महिन्यात नागपुरात उन्हं चढल्यावर कोण बाहेर पडतंय. सेमिनरी हिल्सच्या चढावर उतरून ढकलते, ढकलू दे ना. फक्त सुरुवातीला दोघीतिघी मिळून निघा, कुत्री मागे लागली की एकटीची फार तंतरते.