मदत हवी आहे : मोहावे वाळवंटातलं केल्सो कोणी पाहिलंय का?

डिसेंबरात आई-बाबांना लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला नेताना वाट वाकडी करून केल्सो या जुन्या रेल्वेगावात थांबायचं म्हणतोय. बाबा मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. कसारा घाटात बँकर, म्हणजे चढावर गाडीला जोडायची जादा इंजिनं, कशाला लागतात हे त्यांना सांगायला नको, आणि केल्सो वसलं तेच त्या कामासाठी. पुढे सायमा या ठिकाणापर्यंत २.२ टक्क्यांचा चढ. वाफेच्या इंजिनांच्या काळात इथे पाणी भरायचं, जादा इंजिन जोडायचं. १९२४ सालचं स्टेशन मात्र काय थाटाचं! लाल कौलं, कमानी, आणि भोवती सगळं ओसाड. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या व्हल्कन खाणीतल्या लोहखनिजामुळे गाव भरलं. मग खाण बंद, डिझेल इंजिनं आली, गाव उठलं. लोखंडी पट्ट्यांचा दोन कोठड्यांचा तुरुंग अजून आहे म्हणे.

स्टेशनची इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. सध्या आत सोडतात का? युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या मालगाड्या चढताना नीट कुठून दिसतील? बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा गाडीजवळची जागा सांगा. आणि पेट्रोल बेकर गावातच भरून घ्यावं ना? आईचा प्रश्न वेगळाच आहे : तिथे बाथरूम आहे का?