प्रति: गोल्डफिश फिका का पडला?
वाशीहून विचारलंय की दुकानात लालभडक असलेला गोल्डफिश घरी तीन महिन्यांत पिवळट झाला, दोष खाद्याचा की जातीचा? वर दोघांनी ‘जातच तशी’ म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं.

लाल-केशरी रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड्स (गाजरात असतात तसली रंगद्रव्यं) माशाच्या शरीरात मुळापासून तयार होत नाहीत, ती खाण्यातूनच मिळतात. रंगपेशी कुठे, किती आणि खाल्लेल्याचं पुढे काय करायचं, हे जनुकं ठरवतात. गोल्डफिश स्पिरुलिनातल्या (खाद्यात घालतात त्या निळ्या-हिरव्या शेवाळातल्या) पिवळ्या झियाझँथिनपासून लाल अ‍ॅस्टाझँथिन बनवू शकतो. जवळ्यात तर ते तयारच असतं. मी इथे ठाण्यात सुका जवळा आणते, मीठ निघेपर्यंत धुते आणि कुटून आठवड्यातून दोनदा घालते. दीड-दोन महिने धीर धरावा लागला, पण केशरी परत आला.

निऑन टेट्रा या छोट्या माशाची निळी पट्टी मात्र वेगळी. तिथे निळं रंगद्रव्य नसतंच, त्वचेतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांवरून परतणारा प्रकाश निळा दिसतो. त्यासाठी रंग वाढवणाऱ्या खाद्यावर कृपया पैसे घालवू नका.

गप्पी माशांत नराची नक्षी वाय गुणसूत्रावरून बापाकडून मुलाकडे जाते, हे डॅनिश जीवशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी १९२० मध्येच दाखवलं. पण त्याच केशरी ठिपक्याचा गडदपणा पुन्हा खाण्यावर!

टाकीत पांढरी खडी आहे का? फिक्या तळावरही मासा फिकट होतो. आणि खाद्याचं पाकीट उघडून किती महिने झाले? हवा-उजेडाने त्यातली कॅरोटिनॉइड्स नासतात.