मदत हवी आहे: २०२० च्या पीएम-किसान हप्त्याची गावनिहाय यादी

लॉकडाऊनच्या पॅकेजात पीएम-किसानचा २००० रुपयांचा हप्ता एप्रिल २०२० मध्येच सोडला होता. आमच्या गावात तो नेमका कोणाकोणाला मिळाला, ही यादी हवी आहे. पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं येतात, पण कोणता हप्ता कधी जमा झाला ते त्यात कळत नाही. आयकर भरणारे किंवा महिन्याला दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे अपात्र असतात. त्यांच्याकडून किती वसुली झाली, हे तर त्या यादीत नसतंच.

म्हणून जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, एकच विषय ठेवून, दहाचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. आधार, खाते क्रमांक मुद्दाम मागितले नाहीत, नाहीतर नकाराला आयतं कारण मिळतं. तरी 'वैयक्तिक माहिती' म्हणून कलम ८(१)(ञ) खाली नकार आला.

पहिल्या अपिलाला ३० दिवस आहेत. कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायचा असतो. तोच मुख्य मुद्दा घ्यावा, की कलम ८(२) चं जनहितही जोडावं? यादी आणि वसुली नोंदवही वेगवेगळ्या अर्जांत मागावी का? कोणाकडे अशा अपिलाचा मंजूर आदेश असेल तर नावं झाकून इथे पोस्ट करा, प्लीज.