एनपीव्हीचा एकच शुद्ध क्लोन ठेवावा की मिश्रण राहू द्यावं?

पाने_आणि_अळ्या: नमस्कार, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकन लष्करी अळीच्या एनपीव्हीवर (न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस, अळ्यांना मारणारा विषाणू) काम करतेय. एकाच मेलेल्या अळीतून विषाणू काढला, डीएनए एंझाइमने कापून जेलवर लावला तर ठळक बँडच्या जोडीला काही फिकट बँड येतायत, दोनदा करून बघितलं तरी तेच. म्हणजे आत एकापेक्षा जास्त जीनोटाइप (विषाणूचे जनुकीय प्रकार) असणार. लॅबमधले म्हणतात सगळ्यात जहाल एक क्लोन (एकाच जीनोटाइपचा शुद्ध विषाणू) वेगळा काढ आणि तोच वाढव, बाकीचा कचरा. मला पटत नाहीये. फवारणीच्या विषाणूत या विविधतेचा खरंच उपयोग होतो का?

पॉलिहेड्रा: कचरा अजिबात नाही, कृपा करून टाकू नका! पाइनच्या झाडांवरच्या पॅनोलिस फ्लामिया या पतंगाच्या एकाच अळीतून 24 जीनोटाइप निघाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालंय. आणि तुमच्याच अळीचा निकाराग्वाचा एनपीव्ही बघा, त्यात ए ते आय असे 9 जीनोटाइप. त्यातल्या सी मध्ये डीएनएचा मोठा तुकडाच गायब, पिफ१ आणि पिफ२ हे जीन नाहीत, आणि त्यांच्याशिवाय आतड्याच्या पेशीत शिरता येत नाही, त्यामुळे अळीला एकटा सी खायला दिला तर काहीच होत नाही. असं वाटेल की हा नुसता बांडगूळ. पण पूर्ण जीनोम असलेला बी एकटा दिला तर तो मूळ मिश्रणापेक्षा कमी मारक निघाला, आणि बी मध्ये सी मिसळल्यावर ताकद परत आली! एकाच पेशीत दोघं शिरले की बी ने बनवलेली प्रथिनं सी लाही मिळतात आणि दोघं एकाच पॉलिहेड्रात (विषाणू ज्यात बंद असतात त्या प्रथिनाच्या कणात) पॅक होऊन पुढच्या अळीत जातात. मला हे या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

सफरचंद_कीड: दुसरी बाजू प्रतिकाराची. कॉडलिंग मॉथ या सफरचंदाच्या किडीचा ग्रॅन्युलोव्हायरस (एनपीव्हीचाच नातेवाईक) 1963 मध्ये मेक्सिकोत सापडला आणि युरोपातल्या बागांत वर्षानुवर्षं तोच एक आयसोलेट (एका ठिकाणाहून वेगळा केलेला विषाणू) फवारला गेला. 2005 मध्ये जर्मनीत प्रतिकारक अळ्या आढळल्याचं जाहीर झालं, काही ठिकाणी हजार पटीहून जास्त डोस लागत होता. कारण शोधलं तर या आयसोलेटच्या पीई३८ जीनमध्ये 24 न्यूक्लिओटाइडचा एक जादा तुकडा आहे आणि प्रतिकार नेमका तिथेच लागू पडतो. ज्यांच्यात तो तुकडा नाही असे आयसोलेट, उदा. इराणमधला आय१२, त्याच अळ्यांना मारतात. पुढे त्यांच्यापैकी काहींनाही दाद न देणाऱ्या अळ्या सापडल्याच, त्यामुळे विविधता सतत गोळा करत राहावी लागते. आणि एक फरक लक्षात ठेवा, ग्रॅन्युलोव्हायरसच्या प्रथिनाच्या एका कणात साधारण एकच विरिऑन (एक सुटा विषाणू) असतो, त्यामुळे एनपीव्हीसारखी एकाच कणात मिसळ तिथे होत नाही.

पाने_आणि_अळ्या: खूप धन्यवाद दोघांनाही! मग मिश्रण तसंच वाढवत गेले तर प्रमाण टिकेल का?

पॉलिहेड्रा: आपोआप टिकेलच असं नाही. पेशींच्या कल्चरमध्ये वाढवलंत तर तोंडावाटे शिरायची गरजच उरत नाही, पिफसारखे जीन हरवलेले विषाणूही मजेत वाढतात, शिवाय एफपी२५के या जीनमध्ये म्युटेशन होऊन पॉलिहेड्रा कमी बनतात. म्हणून अळीतच वाढवा. तिथेही डोस महत्त्वाचा, खूप कमी दिला तर पेशीत एकटाच विषाणू शिरण्याची शक्यता वाढते आणि सी सारख्यांना जोडीदार मिळत नाही. पहिल्या अळीतला साठा आत्ताच छोट्या ट्यूबमध्ये भरून गोठवा आणि दर वेळी तिथूनच सुरुवात करा, मागच्या बॅचमधून पुढची असं करत जाऊ नका.

सफरचंद_कीड: आणि प्रमाण मोजायला फिकट बँडवर विसंबू नका. डीएनएचा तुकडा गळून उरलेली टोकं जिथे जुळलीयत त्या जागेवर प्रायमर डिझाइन करून क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा, दर बॅचला, त्याच बॅचची बायोअसे (अळ्यांवर मारकतेची चाचणी) पण सोबत लावा.