प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीत राजधान्या आणि सालं विचारणं बंद करावं का?

चौकटराजा

गणपती जवळ आले की गिरगाव-दादरपासून बोरिवली-मुलुंडपर्यंत मंडळांच्या प्रश्नमंजूषा सुरू होतात. त्यात आग्नेय आशियाचा भूगोल नाहीतर ऑलिंपिकचा इतिहास ही फेरी हमखास असते आणि प्रश्न वर्षानुवर्षं तेच. आग्नेय आशियातला समुद्रकिनारा नसलेला एकमेव देश? लाओस. म्यानमारची राजधानी? नेपिडो. खाशाबा जाधवांचं कांस्य कुठल्या साली? १९५२, हेलसिंकी. आदल्या रात्री ज्याने सामान्यज्ञानाचं पुस्तक चाळलं तो ट्रॉफी घेऊन जातो.

माझं म्हणणं: पाठांतराचे प्रश्न लेखी प्राथमिक फेरीत संपवा. स्टेजवर असे प्रश्न हवेत की उत्तर ठाऊक नसलं तरी टीमने अर्ध्या मिनिटात कुजबुजत तिथवर पोचावं. दोन नमुने देतो.

एक. सिंगापूरला पहिलं ऑलिंपिक पदक १९६०ला रोममध्ये मिळालं, वेटलिफ्टर टॅन होवे लियांगचं रौप्य. पुढच्याच टोकियो ऑलिंपिकला सिंगापूरचे खेळाडू होते, पण सिंगापूर नावाचा संघ नव्हता. ते कोणाकडून खेळले? मलेशिया १६ सप्टेंबर १९६३ला झाला, सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ला त्यातून बाहेर पडलं. या तारखा पाठ नसल्या तरी चालतं. सिंगापूर मध्यंतरी मलेशियात होतं एवढं अंधुक आठवलं की १९६४चं उत्तर मिळतं.

दोन. १९५६च्या ऑलिंपिकमध्ये या देशाचे खेळाडू उतरले, पण यजमान शहर मेलबर्नला गेलेच नाहीत. देश कोणता आणि खेळ कोणता? ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइन नियमांमुळे परदेशी घोडे आणता येईनात, म्हणून घोडेस्वारी आधीच जूनमध्ये स्टॉकहोमला उरकली. उत्तर कंबोडिया, घोडेस्वारी.

खोडरबर

पहिला प्रश्न झकास. दुसरा स्टेजवर नेलात तर भांडण ठरलेलं.

खेळ तर्काने येतो, कबूल. देश कसा येणार? आग्नेय आशियातल्या अकरा देशांतून एक उचलायचा, याला आम्ही मटका म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे या प्रश्नाला पाच बरोबर उत्तरं आहेत. हंगेरीतल्या सोव्हिएत कारवाईच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड मेलबर्नला गेले नाहीत, सुएझच्या प्रकरणावरून इजिप्त गेला नाही. हे चारही देश स्टॉकहोमला घोड्यावर बसून आले होते. फेरीचं नाव 'आग्नेय आशिया' आहे हे गृहीत धरून तुम्ही प्रश्नात अट घातलेली नाही. एखाद्या टीमने पाउन्स लावून (पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर देऊन, चुकलं तर गुण कापून घेऊन) 'इजिप्त' लिहून दिलं तर चिठ्ठी हातात घेऊन काय सांगणार?

प्रश्न उलटा करा. 'ऑलिंपिक मेलबर्नला, घोडेस्वारी मात्र स्टॉकहोमला. का?' प्राणी, बेट, रोगराई, एवढा धागा टीमला सापडतो. कंबोडिया उत्तर सांगताना जोडा, लोकांना मजा येईल.

नकाशावही

मुळात या चर्चेच्या विषयाशीच असहमत. तर्काचा उदोउदो कॉलेजच्या क्विझमधून आलाय. तिथे एसी हॉल, पडद्यावर स्लाइड, प्रश्न वाचून दाखवायला तीस सेकंद. मंडळाच्या मांडवात शेजारच्या गल्लीतले ताशे, स्पीकरचा घुमारा आणि समोर सातवीतल्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळे. तिथे बारा शब्दांच्या पुढचा प्रश्न मागच्या रांगेत पोचत नाही. साठ शब्दांचा प्रश्न दोनदा वाचला की फेरीत आठच्या जागी पाच प्रश्न होतात आणि बाउन्समध्ये (न सुटलेला प्रश्न पुढच्या टीमकडे जातो त्या पद्धतीत) शेवटच्या टीमच्या वाट्याला थेट एकही येत नाही.

दुसरं, नकाशा डोक्यात नसेल तर तर्क कशावर चालवणार? ब्रुनेईचं घ्या. 'एकाच देशातल्या दोन भागांत रस्त्याने जाताना २०२०पर्यंत ब्रुनेईवासीयांना पासपोर्ट का लागायचा?' तुमच्या भाषेत हा उत्तम वर्केबल, म्हणजे तर्काने सुटणारा प्रश्न. पण देश दोन तुकड्यांत आहे आणि मधे मलेशियाचा लिंबांग आहे, हे ज्याने नकाशात पाहिलं नाही त्याला तीस मिनिटं दिली तरी सुटणार नाही. (टेंबुराँग या पलीकडच्या तुकड्याला जोडणारा सुमारे ३० किलोमीटरचा पूल मार्च २०२०मध्ये खुला झाला, तेव्हा वळसा संपला. 'रस्त्याने' हा शब्द गाळू नका, बोटीने आधीही जाता यायचं.) बोर्निओवर तीन देश, मेकाँग सहा देशांतून, पोंटियानाक विषुववृत्तावर: हे पाठ करणाऱ्या पोराला हसू नका.

चौकटराजा

हसत नाही. त्याला लेखी फेरी आहेच की. २५ प्रश्न, २० मिनिटं, विचारा हव्या तेवढ्या राजधान्या. पण सहा टीम स्टेजवर आल्यावर 'लाओस' विचारला की पहिलीच टीम घेते आणि बाकीच्या पाच आपापल्या मोबाइलकडे बघतात. आवाजाचं म्हणाल तर वर्केबल म्हणजे लांबलचक असं कुठे आहे? खोडरबर यांनी सुधारलेला प्रश्न सहा शब्दांचा आहे.

आजची_तारीख

दोघांचंही पटत नाही. खरी बोंब लांबीची नाही, शिळ्या उत्तरांची आहे, आणि ती पाठांतरात जास्त होते.

आसियानचे सदस्य किती? दहा म्हणणारी पुस्तकं अजून फूटपाथवर विकली जातात. पूर्व तिमोर ऑक्टोबर २०२५मध्ये अकरावा झाला. फिलिपिन्सची बेटं? ७,१०७ हा जुना आकडा, नव्या मोजणीत ७,६४१. इंडोनेशियाची राजधानी तर विचारूच नका. नुसांतारा या नियोजित राजधानीचा कायदा २०२२चा, पण कायदा होणं आणि राजधानी हलणं यात फरक आहे. १९१२च्या डेकॅथलॉनचा विजेता? बरीच वर्षं जिम थॉर्पसोबत दुसरं नाव लागायचं, २०२२मध्ये ऑलिंपिक समितीने एकट्या थॉर्पला विजेता ठरवलं. मलेशियाला ऑलिंपिक सुवर्ण नाही, हे 'पॅरिस २०२४पर्यंत' असं जोडूनच विचारायचं.

म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात: मान्य उत्तरं, अमान्य उत्तरं आणि त्यांचं कारण, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत खरं, आणि एकमेकांवरून न उतरवलेले दोन आधार. यातलं दुसरं कोणी लिहीत नाही आणि तिथेच घोळ होतो. 'बॅडमिंटनमध्ये ऑलिंपिक जिंकणारा पहिला इंडोनेशियन खेळाडू?' उत्तर सुसी सुसांती, १९९२. कोणीतरी जाणकार रुडी हार्तोनो म्हणतो, कारण १९७२ला म्युनिकमध्ये तो जिंकला होता. ती प्रात्यक्षिक स्पर्धा होती, पदकतक्त्यात नाही. हे चिठ्ठीवर आधीच लिहिलेलं असेल तर क्विझमास्टर अडखळत नाही.

खोडरबर

चिठ्ठीला शंभर टक्के होकार. भर एकच: 'पहिला', 'सर्वांत उंच', 'किती' हे शब्द दिसले की प्रश्न बाजूला ठेवून वैर असल्यासारखा तपासायचा. आग्नेय आशियातलं सर्वोच्च शिखर किनाबालू, ४,०९५ मीटर, असं सर्रास छापतात. पुंचाक जाया ४,८८४ मीटर, देश इंडोनेशिया, पण बेट न्यू गिनी, म्हणून कोणी ते ओशनियात टाकतो. म्यानमारच्या उत्तर टोकाला खाकाबो राझी, छापील उंची ५,८८१ मीटर, तीही वादातली. ऑलिंपिकमध्ये भारताचं पहिलं पदक? ऑलिंपिक समिती नॉर्मन प्रिचर्डची १९००ची दोन रौप्यं भारताच्या नावावर धरते, जागतिक ॲथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या. खाशाबांबद्दल विचारताना 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक' हे चारही शब्द हवेतच. आणि पॅरिस हे ३३वं ऑलिंपिक असलं तरी प्रत्यक्ष झाली ३०च, कारण १९१६, १९४० आणि १९४४ रद्द होऊनही क्रमांक पुढे सरकला. हिवाळी स्पर्धांत तसा सरकत नाही.

नकाशावही

बघा, या शेवटच्या परिच्छेदात पाठांतराशिवाय काय आहे? तीन रद्द सालं ज्याला येतात तोच वजाबाकी करणार.

चौकटराजा

आणि 'रद्द झाली तरी क्रमांक मोजतात' एवढं सांगून दोन महायुद्धं आठवायला लावली तर सालं न येताही करेल. १९१४ ते १८मध्ये एक, १९३९ ते ४५मध्ये दोन. शाळेत युद्ध सगळ्यांनी वाचलंय, ऑलिंपिकचा तक्ता कोणी वाचलेला नसतो.

नकाशावही

चालेल, पण तो पाउन्सला ठेवू नका. अधिक दहा, उणे पाच असताना वजाबाकीच्या प्रश्नावर सहाही टीम लिहून देतात आणि गुणफलक जिथल्या तिथे राहतो. सरळ बाउन्सला ठेवा. आणि लाओस बझर फेरीत राहू द्या, मांडवातल्या पोरांना काहीतरी ओरडायला हवं.