माया काळातली सुईण-देवरुषीण : कादंबरीसाठी मदत हवी आहे

सुमन_मिरजकर

नमस्कार मंडळी. नोकरीभर लेबर रूममध्ये उभी होते, आता निवृत्त आहे. चार कथा दिवाळी अंकांत आल्या, त्यामुळे हिंमत वाढली आणि कादंबरीचं खूळ डोक्यात शिरलं. विषय मेक्सिको-ग्वाटेमालाकडची माया संस्कृती, काळ साधारण इ.स. ७००, गाव याश्चिलान.

नायिका नीकते. लहानपणीच तिला इश चेल या बाळंतपणाच्या माया देवीच्या देवळात आणून सोडलेली. पुढे ती पिरॅमिडवरच्या देवळाची मुख्य पुजारीण होते, पांढऱ्या वस्त्रातल्या कुमारिकांना औषधं शिकवते, राजाला बरं करते. मग पुरुष पुजारी जळफळतात आणि तिला हाकलून देतात. पहिल्या प्रकरणात ती घोड्यावरून रात्री एका अडलेल्या बाळंतिणीकडे जाते. झोपडीत तुपाचा दिवा मिणमिणतोय, आणि ती कमरेची लोखंडी सुरी काढून नाळ कापते.

जाणकारांना विचारायचंय : अशा पुजारिणी खरंच होत्या का? बाळंतपण कसं होत असे? औषधोपचाराला मोबदला काय मिळे? आणि देवीचं वर्णन कसं करू? नेटवर दिसतं ते सगळं एका छापाचं आहे, सुंदर तरुणी, मागे चंद्र, मांडीवर ससा.

बारा_गावचं_पाणी

आपल्याकडचे विषय संपले का ताई? सातवाहन आहेत, देवगिरी आहे. मेक्सिकोपर्यंत कशाला जायचं?

सुमन_मिरजकर

सातवाहनांवर तुम्ही लिहा, मी वाचेन. मला हिथं जायचंय.

खापरीतुकडा

घोडा काढा आधी. लोखंडी सुरी काढा, तूपही काढा. घोडे आणि गुरं स्पॅनिश लोकांबरोबर आली. गाय नाही म्हणजे दूध नाही, तूप नाही. त्या काळात मायांकडे धातूची हत्यारं नव्हती, सगळी कापाकापी ऑब्सिडियनच्या पात्यांनी होई. ज्वालामुखीची ही काळी काच नव्या पोलादाच्या ब्लेडपेक्षाही धारदार निघते, तेव्हा नाळ कापायला तुमच्या नीकतेचं काही अडत नाही. उजेडाला राळ भरलेल्या पाइनच्या ढलप्या. आणि बाई पायी जाईल, नाहीतर होडीतून. याश्चिलान उसुमासिंता नदीच्या वळणावरच आहे.

आता पुजारिणीबद्दल. कादंबरीचा कणा तिथेच आहे म्हणून जरा लांबण लावतो.

याश्चिलानच्या २३ क्रमांकाच्या इमारतीत दारांवर कोरीव दगडी पट्ट्या होत्या. त्यातल्या दोन आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तिसरी मेक्सिको सिटीत. २४ क्रमांकाच्या पट्टीवर राणी काबाल शोक गुडघ्यावर बसून स्वतःच्या जिभेतून काट्यांची दोरी ओढते आहे. राजा इत्झामनाह बालाम शेजारी मशाल धरून उभा आहे, त्याला तेवढंच काम. प्रसंग इ.स. ७०९ चा. रक्त टोपलीतल्या सालीच्या कागदावर पडतं, मग तो कागद जाळतात. २५ व्या पट्टीवर तिच्यासमोर सर्प उभा राहतो आणि त्याच्या जबड्यातून शस्त्रधारी पूर्वज डोकावतो. तिच्या अंगावरच्या कापडाची वीण इतकी बारीक कोरलेली आहे की विणकर तिच्यावरून नमुना उचलू शकेल. म्हणजे धर्मविधीच्या मध्यभागी बाई आहे यात शंका नाही. पण ती आहे राणी म्हणून.

आता उलट बाजू. दिएगो दे लांदा हा फ्रान्सिस्कन पाद्री. १५६२ मध्ये मानी गावात त्यानेच मायांच्या पोथ्या जाळल्या, आणि काही वर्षांनी बसून युकातान या मेक्सिकोतल्या माया मुलखाच्या चालीरीतींवर त्यानेच सविस्तर लिहून ठेवलं. (आपण आजही त्याच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही, हे मला दर वेळी खुपतं.) तो म्हणतो, बायका देवांना रक्त वाहत नसत, आणि बळीच्या वेळी त्यांना देवळात येऊ देत नसत. एका सणाला काही म्हाताऱ्या बायकांना तेवढी मुभा होती. काबाल शोक आणि लांदा यांच्यात साडेआठशे वर्षं आणि कित्येक मैल जंगल आहे. दोन्ही एका प्रकरणात घातलंत तर गोंधळ होईल.

इश चेलच्या यात्रेचं ठिकाण कोसुमेल बेट. लांब लांबून लोक समुद्र ओलांडून तिथे येत. तिथल्या पोकळ मातीच्या मूर्तीमागे उभं राहून देवीच्या वतीने बोलायला मात्र पुरुष पुजारी असे, असं स्पॅनिश लेखक सांगतात. पांढऱ्या वस्त्रांतल्या कुमारिका पर्यटनाच्या माहितीपत्रकांत भरपूर सापडतील. खोदकामात मला तरी भेटलेल्या नाहीत.

देवीचं म्हणाल तर द्रेस्देन पोथी या मायांच्या जुन्या चित्रपोथीच्या ७४ व्या पानावर ती आहे. म्हातारी, हातापायांना नखं, डोक्यावर सापाचं वेटोळं, हातात पालथा घडा, आणि त्यातून लोटणारं पाणी. चंद्रावरची तरुणी माया चित्रांत वेगळी दिसते, दोघींना हल्लीच्या लोकांनी एक करून टाकलं. माझं ऐकाल तर म्हातारीच घ्या. बाळंतिणीच्या उशाशी नखंवाली म्हातारी जास्त शोभते.

आणि मुख्य मुद्दा. नीकतेला पिरॅमिडवरून खाली उतरवा. तुम्हाला हवी ती बाई खाली गावात आहे, पुराव्यासकट.

एल साल्वादोरमध्ये होया दे सेरेन नावाचं खेडं आहे. इ.स. ६०० च्या आसपास शेजारचा ज्वालामुखी फुटला आणि गाव राखेखाली गेलं. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारासाठी जमीन सपाट करताना बुलडोझरला ते लागलं. माणसं पळाली असावीत, कारण गावात सांगाडे मिळाले नाहीत, पण घरं जशीच्या तशी राहिली. आढ्याला टांगलेल्या मिरच्यासुद्धा. (हो, आपली मिरची तिकडचीच.) तिथली १२ क्रमांकाची इमारत राहण्याजोगी नाही. खोल्या अरुंद, आत शिरायची वाट अडचणीची, भिंतींना जाळीच्या खिडक्या. आत बियांचे ढीग, खनिजांचे तुकडे, हरणाचं शिंग, सूत कातायच्या चातीचा मणी. खोदणाऱ्या पेसन शीट्स यांचं म्हणणं असं की इथे कौल सांगणारी बसत असे, आणि चाती-जात्यासारख्या वस्तूंवरून ती बहुधा बाई असावी. माणूस जाळीबाहेर उभा राहून आपलं दुखणं सांगणार, ही आतून बिया टाकून सांगणार, आणि जाताना तो घरातली एखादी वस्तू ठेवून जाणार. तुमच्या मोबदल्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

त्याच गावात घुमटाचं मातीचं स्नानगृहही आहे, मध्ये चूल आणि भोवती बसायला कट्टे. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची. दारं-जाळ्या-वाफ-बिया एवढ्यावर तीन प्रकरणं निघतील. राजाला बरं करायची गरजच नाही.

ह्यूस्टनचा_सदा

खापरीतुकडा यांच्याशी बराचसा सहमत, पण एक खोडा घालतो. सेरेन माया जगाच्या अगदी काठावर आहे, तिथले लोक कोणती भाषा बोलत यावर अभ्यासकांत एकमत नाही. तिथलं घर उचलून याश्चिलानला ठेवलं तर एखादा चिकट वाचक पकडेल. पात्र घ्या, नकाशा घेऊ नका.

दुसरं, हे लोक संपलेले नाहीत. माझं कामानिमित्त ग्वाटेमालात जाणं होतं. चिचिकास्तेनांगोत सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर सकाळी कोपाल नावाच्या राळेचा धूर इतका असतो की डोळे चुरचुरतात. तिथल्या किचे या माया लोकांत दिवस मोजणारे असतात, त्यांना अह-किह म्हणतात. बायकाही असतात, पुरुषही. २६० दिवसांचं पंचांग, २० दिवसांची नावं आणि १३ आकडे. आजारी माणूस आला की ते लाल बियांचा ढीग मांडून चार-चारचे वाटे करतात आणि पंचांगावर मोजत जातात. बिया आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातल्या झाडाच्या. किचे लोकांच्या पोपोल वूह या पुराणात श्मुकाने आजी अशाच बिया आणि मक्याचे दाणे टाकते. तेव्हा तुमच्या म्हातारीला पूर्वज आहेत.

तिथल्या सुईणी तर आजही खेड्याखेड्यात आहेत. कित्येक जणी सांगतात की अमुक दिवशी जन्मले म्हणून हे काम माझ्याकडे आलं, नको म्हटलं तर आजारी पडले. नीकतेला देवळात आणून सोडण्यापेक्षा असा दिवस लावून द्या ना.

सुमन_मिरजकर

दोघांचे आभार. देऊळ गेलं, कुमारिका गेल्या, घोडा तर गेलाच. राणी एकदाच दिसेल, तीही लांबून, जीभ सुजलेली. बोलता येत नाही म्हणून खुणा करते. (चार दिवस तरी नीट खाता येणार नाही तिला. तिला पेज कोण देत असेल, तेच प्रकरण मला लिहायचंय.)

२६० दिवस वाचून मी उठून बसले. आम्ही शेवटच्या पाळीपासून २८० धरतो, गर्भ राहिल्यापासून मोजलं तर साधारण २६६. पाळी चुकली की दिवस मोजायला घेणाऱ्या बाईला हे पंचांग हाताशी धरून तारखेच्या जवळपास जाता येईल. माझी नीकते कॅलेंडर राजासाठी नाही, पोटं मोजायला वापरेल.

आता एक अडचण. उभ्यानं बाळंतपण मी लिहू का? आमच्याकडे सगळं टेबलावर, पाय वर बांधून. मला ते कधीच पटलं नाही.

खापरीतुकडा

बिनधास्त लिहा. एका चौकोनी माया भांड्यावर हेच चित्र आहे. तरुण बाई उभी, वरून लोंबणाऱ्या दोऱ्या तिने धरल्यात, दोऱ्या सापासारख्या काढल्यात, आणि म्हाताऱ्या देवी सुईणपण करतायत. लांदाही सांगतो की बाळंतपणाला जाणत्या बायकांना बोलावत आणि त्या खाटेखाली इश चेलची मूर्ती ठेवत. तो त्यांना चेटकिणी म्हणतो, ते सोडून द्या.

मायांच्या सिप महिन्याचा सणही घ्या. वैदू आणि त्यांच्या बायका एकाच्या घरी जमत, औषधांची गाठोडी सोडत, आत इश चेलच्या लहान मूर्ती आणि कौल लावायचे खडे. कोपाल जाळत, निळा रंग फासत. वर्णन सोळाव्या शतकातलं आहे, पण गाठोडं मागे नेण्यात मला धोका दिसत नाही.

मंत्रांसाठी युकातेक माया भाषेतली अठराव्या शतकातली एक वही आहे, बाकाबांचे (म्हणजे आभाळ तोलणाऱ्या देवांचे) विधी म्हणून ओळखतात. त्यात रोगाला समोर उभं करून त्याची हजेरी घेतात : तुझी आई कोण, बाप कोण, तू कोणत्या दिवशी जन्मलास, तुझं झाड कोणतं, पक्षी कोणता. कुळ कळलं की त्याला फेकून देतात. बाळ झाल्यावर वार पडायला उशीर झाला तर त्यावरही मंत्र आहे. शब्द उचलू नका, बोलण्याची ढब उचला.

सुमन_मिरजकर

वार! अख्ख्या कादंबऱ्यांत बाळ रडलं की प्रकरण संपतं. खरी भीती त्यानंतरच्या अर्ध्या तासाची असते, हे कुणी लिहीतच नाही. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करते. बाळ आधीच झालंय, घरात सगळे हसतायत, आणि नीकते एकटी दोरीखाली बसून वाट बघतेय. रोगाची हजेरी तेव्हा.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. बाळंतिणीला नंतर देणार काय? डिंकाचे लाडू तर नाहीत.

ह्यूस्टनचा_सदा

मध. पण आपल्या माशीचा नाही. तिकडे डंख न मारणारी मेलिपोना माशी पाळतात, मायांची पाळीव माशी हीच. पोकळ ओंडक्यात पोळं ठेवून दोन्ही टोकांना बुचं लावतात. मध पातळ आणि आंबटसर. युकातानात आजही बाळंतिणीला देतात, डोळ्यातही घालतात. त्याबरोबर मक्याची गरम पेज. आणि वाफेचं स्नान विसरू नका, पहाडी गावांत बाळंतिणीला अजून नेतात.

बारा_गावचं_पाणी

वाचतोय. पहिलं प्रकरण झालं की इथे टाका. सातवाहनांचं बघू नंतर.