नाताळात पॅपिलिओ अ‍ॅमॅरिलिस – ठाण्यात जमेल का?

घोडबंदरकर: पॅपिलिओचा (अ‍ॅमॅरिलिस लिलीचा एक प्रकार) लावायचा कांदा मिळालाय, तोच हिरवट पांढऱ्या पाकळ्यांवर मरून रेघांचा, फार सुंदर फूल आहे. पूर्वेकडची बाल्कनी. नाताळपर्यंत फुलवायचाय, नेहमीच्या लाल लिलीसारखं दोन महिने पाणी तोडू का?

वाशीची बाग: नको हो दादा! ही मूळची दक्षिण ब्राझीलच्या जंगलातली, जवळपास सदाहरित, पानं टिकवायचीच. फक्त सप्टेंबरपासून पाणी कमी करा आणि पावसात कुंडी आत घ्या, आपल्याकडे कांदा सुकून कमी आणि सडूनच जास्त जातो. कांद्याचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर, कुंडी कांद्यापेक्षा थोडीशीच मोठी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी आणि वाळू-परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) जास्त.

घोडबंदरकर: थँक्स ताई, आणि नाताळचं काय?

ऐरोली: पॅपिलिओ तारीख पाळत नाही, जानेवारी-फेब्रुवारीही होईल. नाताळच हवा तर सोबत साधी लाल लिली लावा, तिला ऑगस्टपासून ८-१० आठवडे कोरडी, सावलीत ठेवा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाणी चालू, मग साधारण ६-८ आठवड्यांत फूल. कांद्याच्या या कोरड्या विश्रांतीला खरं तर १३-१५ अंश लागतात, ते इथे कुठलं, त्यामुळे थोडं मागेपुढे होणारच.

वाशीची बाग: कळी आली की फोटो नक्की टाका, मला बघायचाय!